गाडी कोटीची, भांडण युनिटचं

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी बाणेरला राहतो, वय ६१. धंदा आता मुलगा बघतो, मी सकाळी ऑफिसात डोकावून जेवायला घरी येतो. साडेसात महिन्यांपूर्वी वापरलेली मर्सिडीज ईक्यूएस ५८० घेतली, १ कोटी ५ लाखांना. पहिल्या मालकाने २२,००० किलोमीटर चालवली होती, आता ३१,००० झाले. विकणारा म्हणाला होता, ‘साहेब, ८५७ किलोमीटरची रेंज, रुपयात किलोमीटर!’ मला एका चार्जिंगमध्ये साडेचारशे मिळतात. पडद्यावर १०० किलोमीटरला सरासरी २३.५ युनिट दिसतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्याच घरच्या मीटरवरून ओढलेल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावतो. महिन्याला १,२०० किलोमीटर होतात, त्यात एक मुंबईची फेरी. घरचं बिल पूर्वी ४२० युनिटांचं यायचं, आता ७४० युनिटांचं येतं. रुपयांत ५,७६० ची वाढ. मुंबईला जाताना सरासरी १९ आणि येताना २५ दाखवते, म्हणजे काही बिघाड आहे का? टायरवाल्याने चारही टायर बदलायला सांगितलेत, पावणेदोन लाख. विमा २ लाख ४० हजार. सौ. म्हणते, एसी बंद ठेवून चालवा, नाहीतर जुनी डिझेलच बरी होती. (ती लिटरला १२ द्यायची.) मी फसलो का?

ता. क. शेजारचे गृहस्थ रोज लिफ्टमध्ये विचारतात, ‘किलोमीटरला किती पडतं?’ काय सांगू?

– एक वाचक, बाणेर

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात इतके आकडे आहेत की उत्तरासाठी मला फार लांब जावं लागलं नाही. वीजबिलांच्या हिशोबात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे लोक गाडीचा फोटो पाठवतात तेव्हा मला काही सुचत नाही, बिलाचा पाठवला की सुचायला लागतं.

आधी त्या ‘रुपयात किलोमीटर’चं बघू. विकणारा खोटं बोलला नाही, फक्त भागाकार सोयीचा केला. गाडीच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी वीज १०७.८ युनिट. तिला ८५७ ने भागलं की १०० किलोमीटरला साडेबारा युनिटांच्या किंचित वर येतात. युनिटचा दर आठ रुपये धरला की १०० किलोमीटरचे झाले शंभर रुपये. आला रुपयात किलोमीटर! त्यातली साडेबारा युनिटं तुमच्या रस्त्यावरची नाहीत आणि आठ रुपये तुमच्या बिलावरचे नाहीत, इतकंच.

८५७ आला कुठून? तुमच्या घरापासून फार लांबून नाही. पुणेकर सकाळी जी ‘एआरएआयची टेकडी’ चढतात, त्या टेकडीवरची संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्यांची प्रमाणित चाचणी करते. ही चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. ठरलेल्या तालात वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. वेग ९० च्या वर जात नाही, सरासरी तीस-बत्तीसच्या घरात राहते आणि एसी बंद असतो. दोन गाड्यांची तुलना करायला ही पद्धत ठीक आहे, कारण दोघींनाही तोच पेपर असतो. पण त्या पेपरातले गुण घेऊन औंधच्या चौकात उभं राहिलं तर चालत नाही. युरोपातली चाचणी जरा कडक असते. तिथे वेग १३० पर्यंत जातो, आणि तीच गाडी तिथे पावणेसातशेच्या आसपास येते. आपल्या उन्हात, एसी लावून, अडीच टनांच्या वरची गाडी तुम्हाला साडेचारशे देते आहे. माझ्या मते ती नीट चालते आहे.

आता रेंज हा शब्द थोडा बाजूला ठेवा. रेंज ही प्रवासाला निघतानाची काळजी आहे, खर्चाचं माप नव्हे. खर्चाचं माप १०० किलोमीटरला किती युनिट, आणि तेही पडद्यावरचे नाहीत, मीटरवरचे. तुमच्याच आकड्यांनी करून बघू. १,२०० किलोमीटरला २३.५ च्या हिशोबाने गाडीने खाल्ले २८२ युनिट. मीटरवर वाढले ३२०. मधले ३८ युनिट कुठे गेले? ते वाटेत सांडले. मीटरची वीज सतत दिशा बदलणारी असते, बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी (डीसी) लागते. गाडीतला चार्जर ती बदलतो तेव्हा थोडी उष्णतेत जाते. शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले कॉम्प्युटर, पंप, पंखे जागे असतात. समजा त्यांना दोनशे वॅट लागतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवरून साधारण तीन किलोवॅट मिळतात, म्हणजे तासाला तीन युनिट. ३२० युनिटांसाठी तुमची गाडी महिन्यात १०७ तास चार्जिंगला असते. नुसतं जागं राहण्यातच एकवीस युनिट गेले. सात किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर लावलात तर तेच काम ४६ तासांत होईल आणि डझनभर युनिट वाचतील.

डझनभर. तेवढ्यासाठी चार्जर घेऊ नका. चार्जर घ्यावा तो दुसऱ्या कारणासाठी. साध्या सॉकेटवर रोज तासन् तास पूर्ण भार ओढला की प्लग तापतो, आतली पट्टी सैल होते, प्लास्टिक पिवळं पडतं. आज रात्री चार्जिंग सुरू होऊन दोन तास झाले की प्लगला हात लावून बघा. चहाच्या कपासारखा गरम लागला तर उद्याच वायरमनला बोलवा.

आणि आता खरी गोष्ट. पत्रात तुम्ही ती एका वाक्यात लिहून पुढे गेलात: ‘माझ्याच घरच्या मीटरवरून’.

तुमचं बिल उलटं करून मागची बाजू वाचा. घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. पहिली १०० युनिटं स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वरची सगळ्यांत महाग. त्यावर प्रत्येक युनिटला वहन आकार, म्हणजे वीज तारांतून आणून देण्याचे पैसे, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. गाडी येण्याआधी तुमचं घर ४२० वर थांबायचं. म्हणजे स्वस्त पायऱ्या फ्रीज, गिझर आणि दोन एसींनी आधीच व्यापल्या होत्या. गाडी शेवटी आली, तिला बसायला जागा मिळाली ती गच्चीत. तिची पहिली ८० युनिटं तिसऱ्या पायरीवर गेली आणि उरलेली २४० थेट चौथीवर. म्हणून ३२० युनिटांचे ५,७६० रुपये. युनिटला अठरा! किलोमीटरला ४ रुपये ८० पैसे.

‘आमच्या बिलाचा सरासरी दर तर याहून कमी येतो’ असं तुमचा मुलगा म्हणेल. सरासरी गाडीला लागू होत नाही हो. गाडीचा दर म्हणजे वाढलेले रुपये भागिले वाढलेली युनिटं. हा भागाकार मी भल्याभल्या हिशोबनिसांना चुकताना बघितला आहे.

याला उपाय आहे आणि तो अधिकृत आहे. इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात वेगळा वर्ग आहे. त्याला पायऱ्या नाहीत. शंभरावं युनिट आणि सातशेवं युनिट एकाच दराचं. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क नियमांतच लिहिलेला आहे. महावितरणकडे त्या वर्गातल्या नव्या मीटरचा अर्ज करा. चालू दर आणि स्थिर आकार (वीज वापरा न वापरा, दरमहा भरायचा तो) दरपत्रकात बघून घ्या. इथे हिशोबापुरते सगळं धरून नऊ रुपये युनिट मानू. ३२० युनिटांचे २,८८० झाले. किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. गाडी तीच, रस्ता तोच, एसी चालू, आणि खर्च निम्मा. वर्षाला साडेचौतीस हजार वाचले.

अर्ज करताना मंजूर भार किती मागायचा हे विचारपूर्वक ठरवा, कारण स्थिर आकार त्यावर बसतो. तुमची गाडी ११ किलोवॅटने चार्ज होऊ शकते, पण त्यासाठी थ्री फेज लागेल. तुमची रोजची धाव सरासरी ४० किलोमीटर, म्हणजे साधारण अकरा युनिटं. सात किलोवॅटच्या सिंगल फेज चार्जरवर दीड तासाचं काम. मोठा चार्जर बसवून कोणावर छाप पाडायची आहे? गाडी आहे की त्याला.

दुसरं म्हणजे वेळ. पूर्वी आम्ही सगळ्यांना ‘रात्री लावा’ असं सांगायचो, कारण रात्री वीज पडून असायची. आता दुपारी सौर वीज भरपूर असते, त्यामुळे राज्याच्या नव्या दरांत सवलत दिवसाच्या तासांकडे सरकली आहे आणि संध्याकाळ महाग झाली आहे. तुम्ही जेवायला घरी येता आणि मग गाडी खाली उभी असते. चार्जिंगची वेळ गाडीत एकदाच लावून ठेवा, दुपारी दोन ते चार. संध्याकाळी सात वाजता घरी येऊन प्लग खोचणाऱ्या नोकरदार माणसाला हा योग नाही, तुम्हाला आहे.

सोसायटीचं काय, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. मी छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत ४० मीटर केबल टाकायला सात महिने लागले. त्यातली केबल टाकायला एक दुपार लागली. उरलेला वेळ सभेत गेला. एका सदस्याचं म्हणणं, गाडी रात्री पेटली तर? दुसऱ्याचं म्हणणं, उद्या सगळेच मागतील. दुसरा बरोबर बोलत होता. म्हणून शेवटी आम्ही एकट्यापुरती केबल न टाकता छताखालून दहा गाड्यांना पुरेल असा ट्रे टाकला, खर्च जो जोडणी घेईल त्याने हिश्शाने द्यायचा. तुम्हीही अर्जात ‘माझ्यासाठी’ लिहू नका, ‘सोय करण्याबाबत’ लिहा. जास्त भार आला की वीज तोडणारा स्वतःचा एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी, स्वतंत्र अर्थिंग आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल हे चार कागदावर दाखवलेत की पेटण्याचा मुद्दा बराच शांत होतो. पूर्ण शांत होत नाही, आमच्याकडेही झालेला नाही.

आता घाट. जाताना १९, येताना २५. गाडीत बिघाड नाही, मधे सह्याद्री आहे! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. मुंबईहून येताना तुम्ही माणसं आणि सामान धरून पावणेतीन टन वजन एवढं वर उचलता. शाळेतल्या सूत्राने याची वीज चार युनिटांच्या किंचित वर येते, मोटरमधलं नुकसान धरलं तर पावणेपाचच्या आसपास. हे दीडशे किलोमीटरवर पसरलं की १०० किलोमीटरला तीन युनिट जास्त. जाताना उलट. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोटर जनित्र होते आणि त्या चारांतली पावणेतीनएक युनिटं परत बॅटरीत भरते, म्हणजे १०० किलोमीटरला जवळजवळ दोन कमी. तीन वर आणि दोन खाली, पाचाचा फरक डोंगराचाच झाला. उरलेला एक तुम्ही मुंबईहून कधी निघता त्यावर. दुपारी निघत असाल तर तो एसीचा. दोन्ही बाजू मिळून सरासरी २२ येते आणि तुमच्या गाडीच्या आकाराला ती चांगली आहे. डिझेल गाडी घाट चढताना जे जाळते त्यातलं उतरताना टाकीत काही परत येत नाही. फक्त घाट उतरणार असाल त्या दिवशी बॅटरी शंभर टक्के भरून निघू नका. भरलेल्या हंड्यात पाणी ओतून उपयोग नसतो. खरं तर रोजच ८० टक्क्यांवर थांबा, बॅटरीलाही तेच मानवतं. लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी पूर्ण भरा.

वहिनींचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यांनी चोर बरोबर ओळखला आहे, फक्त शिक्षा चुकीची सुचवली. शहरात तुमचा सरासरी वेग किती असेल? बाणेर ते डेक्कन संध्याकाळी, म्हणजे ताशी सोळा धरू. एसी, ते सगळे पडदे, पंखे, सीटमधलं वारं, कॉम्प्युटर मिळून उन्हाळ्यात दोन किलोवॅट सहज लागतात. गाडी सिग्नलला उभी असली तरी हे चालूच. म्हणजे तासाला दोन युनिटं आणि त्या तासात तुम्ही गेलात सोळा किलोमीटर. शंभर किलोमीटरला साडेबारा युनिटं! विकणाऱ्याने संपूर्ण गाडीचा खप जेवढा सांगितला होता, तेवढा तुमचा नुसता बसण्याचा खप आहे. शहरात शंभर किलोमीटरला २४ युनिटं जातात त्यातली निम्मी गाडी हलवायला लागतच नाहीत. पेट्रोलच्या गाडीत हे कळत नाही, कारण इंजिन तसंही उभ्याउभ्या जळत असतं.

तरी एसी बंद करू नका. शहरातल्या ९०० किलोमीटरला महिन्यात ५६ तास लागतात. दोन किलोवॅटपैकी दीड एसीचे धरले तर ८४ युनिटं, आजच्या दराने दीड हजार रुपये. नव्या मीटरवर साडेसातशे. यासाठी घामाघूम होऊन जर्मन गाडीतून उतरायचं असेल तर मग रिक्षाच बरी, तिला निदान वारा तरी लागतो. त्यापेक्षा वरचं काचेचं छत पडदा ओढून झाकून ठेवा, गाडी सावलीत लावा, तापमान १९ वरून २४ वर न्या. आणि निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच गाडी थंड करून घ्या, असं जे सगळे सांगतात, त्याने रेंज वाचते, पैसे नाही. ती वीज बॅटरीतून न जाता मीटरमधून जाते, एवढाच फरक.

‘इको’ मोडचा शहरात फारसा फायदा दिसणार नाही. द्रुतगती मार्गावर दिसेल, पण तो मोडमुळे नाही, वेगामुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या जागी १२० म्हणजे विरोध सव्वादोन पट. तिथे मर्यादा शंभरचीच आहे, तेव्हा या विषयावर तुमच्याशी वाद घालायची वेळ येऊ नये.

पण तुमच्या गाडीत एक गंमत आहे. हवा कापण्यात ती तरबेज आहे. हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२०, विक्रीतल्या फार थोड्या गाड्यांना हे जमलं आहे. माझ्या हिशोबाने शंभरच्या वेगाला हवेपायी तिचे १०० किलोमीटरला सहाएक युनिट जातात. टायर दबण्या-उठण्यात मात्र सात-साडेसात. इतक्या वजनाला हवेपेक्षा टायर महाग पडतो. म्हणून महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, दाराच्या खांबावर किंवा चार्जिंगच्या झाकणामागे लिहिलेला हवेचा दाब बघून भरा. पंपावरचा मुलगा ‘बत्तीस ठेवतो’ म्हणेल, ठेवू देऊ नका. एवढ्या जड गाडीला बत्तीस पुरत नाही.

टायरांवरून पावणेदोन लाखांकडे. ३१,००० किलोमीटरला पावणेदोन लाख म्हणजे किलोमीटरला ५ रुपये ६० पैसे. तुमची वीज ४ रुपये ८० पैसे! घरात भांडण विजेवरून चाललंय आणि रबर तिच्यापेक्षा महाग आहे. हे जड इलेक्ट्रिक गाड्यांचं दुखणंच आहे. वजन मोठं, आणि पाय ठेवताच सगळा जोर चाकावर येतो. सिग्नलला पहिला निघण्याचा मोह जेवढा आवराल तेवढे टायर टिकतील. बदलण्याआधी चारही टायरांच्या आतल्या कडा टॉर्च लावून बघा. आतून जास्त घासले असतील तर आधी चाकांची दिशा जुळवून घ्या, नाहीतर नवा संचही तसाच जाईल. आणि तुमच्या आत्ताच्या चाकांऐवजी कंपनीने याच मॉडेलला मान्य केलेलं लहान चाक बसत असेल तर किंमत विचारा. भार झेलण्याचा अंक कमी असलेला स्वस्त टायर मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

विमा २ लाख ४० हजार, वर्षाच्या १४,४०० किलोमीटरांवर वाटला तर साडेसोळा रुपये. त्यातला सक्तीचा तृतीय पक्षाचा भाग इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सवलतीत असतो हे खरं, पण ६५ किलोवॅटच्या वरच्या गाडीला २०२२ च्या दरांत तो ६,७१२ रुपये होता. सवलत तेवढ्यावर, बाकी सगळं गाडीच्या किमतीवर. घासाघीस तिथे करा. घोषित किंमत दरवर्षी खाली येते आहे ना, शून्य घसारा (दुरुस्तीत सुट्या भागांची घट न कापणारं जादा कलम) खरंच हवा का, बॅटरीत पाणी जाण्याचं संरक्षण आहे ना. पुण्यात गेल्या काही पावसाळ्यांत नदीकाठच्या सोसायट्यांच्या तळघरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. हे शेवटचं कलम काढू नका.

आणि ज्याचं बिल कुणी पाठवत नाही तो खर्च. ही गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये चाकणच्या कारखान्यात जुळणी होऊन बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत १ कोटी ५५ लाख होती. तुम्हाला ती १ कोटी ५ लाखांना मिळाली. पहिल्या मालकाने २२,००० किलोमीटरांत ५० लाख घालवले, किलोमीटरला सव्वादोनशे रुपये. ते तुम्ही नाही भरलेत, त्यांनी भरले. म्हणून फसलात का या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तुमच्याही हातात ती वर्षाला आठ-दहा लाखांनी उतरली तर किलोमीटरला पंचावन्न ते सत्तर रुपये होतात, हे वहिनींना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. घेतलीच आहे तर ती दहा वर्षं वापरा. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, आणि ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे कागदात वाचून कंपनीच्या सेवा केंद्रातून लेखी घ्या.

डिझेलशी तुलना झटपट करते. लिटरला १२ आणि दर नव्वद धरला तर किलोमीटरला साडेसात रुपये. तुमची आज ४.८०, नव्या मीटरवर २.४०. शिवाय तेल बदलणं नाही, फिल्टर कमी. ब्रेक इतके कमी लागतात की पावसाळ्यात त्यांच्या चकत्या गंजतात, अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकदोनदा जोरात दाबा. वाटेतल्या जलद चार्जरवर मात्र जीव लावू नका. तिथे युनिटला बावीस रुपये धरले आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वीस, किलोमीटरला सव्वासहा रुपयांच्या आसपास. हे डिझेलच्या शेजारीच येऊन बसलं. तुमच्या मुंबईच्या फेरीला त्याची गरजही नाही. तीनशे किलोमीटर तुमची गाडी घरच्या विजेवर आरामात करते.

त्या फेरीवरून आठवलं. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. गेल्या सहा महिन्यांचं फास्टॅगचं स्टेटमेंट उघडा आणि एका बाजूचे ३२० कापले गेलेत का बघा. कापले असतील तर गाडीच्या नोंदणीत इंधन ‘इलेक्ट्रिक’ आहे आणि फास्टॅग त्याच नोंदणीला जोडलेला आहे, हे तपासून तक्रार करा. वापरलेल्या गाडीत फास्टॅग बहुधा जुन्या मालकाचाच राहिलेला असतो. जाऊन-येऊन ६४० रुपये, म्हणजे जवळजवळ त्या फेरीची नव्या मीटरवरची सगळी वीज.

शेजाऱ्यांना काय सांगायचं? मीटर बसलं की ‘दोन चाळीस’ सांगा, ते खोटं नाही. टायरांचं त्यांनी विचारलेलं नाही. तोवर, लिफ्ट येईपर्यंत, त्यांना केबलच्या ट्रेबद्दल विचारा, सभेत एक मत हातचं राहील.